मी ऐकलेली अकरा दिवसांची शांतता

मी एक जुना हायड्रोफोन आहे मित्रांनो. म्हणजे पाण्याखाली ठेवायचा कान. दिसायला अगदी साधा. हातभर लांब काळं नळकांडं, एका टोकाला रबराची टोपी, दुसऱ्या टोकाला पितळी झाकण आणि पोटात एक मेमरी कार्ड. आता रबराला चिरा पडल्यात. दोर घासून घासून कमरेला वण पडलेत. पण ऐकू अजून छान येतं.

गेल्या जुलैत एका मंगळवारी, दुपारी दोनच्या आत माझं पोट रिकामं करायचं ठरलं होतं. त्या पोटात एका देवमाशिणीचा आणि तिच्या पिल्लाचा अख्खा उन्हाळा होता. तो जगात दुसऱ्या कुणाकडेही नव्हता. त्या दिवशी माझी काय घालमेल झाली ते सांगतो. पण त्याआधी माझं थोडं सांगू द्या, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही.

माझा जन्म सिंगापूरचा. बुओना व्हिस्टाला एका प्रयोगशाळेच्या तिसऱ्या मजल्यावर. मला शिवदासकाकांनी बनवलं. हा माणूस मूळचा भुसावळचा, रेल्वेच्या वर्कशॉपात हात बसलेला. तारा जोडताना श्वास रोखून धरायचा, आणि जोडून झालं की माझ्या पाठीवर थाप मारायचा. "काय पठ्ठ्या, ऐकू येतंय का?" मला फार भारी वाटायचं.

पहिल्यांदा मला इथल्याच समुद्रात सोडलं, आणि मी दचकलोच! कढईत मोहरी टाकल्यावर तडतडते ना, तसा आवाज, सगळीकडून, न थांबता. इथल्या गरम पाण्यात बोटभर लांबीची एक कोळंबी असते. तिचा एक नांगा मोठा असतो. तो ती इतक्या जोरात मिटते की टिचकी वाजते. अशा लाखो कोळंब्या. त्या तडतडीत दुसरं काही ऐकू येईल तर शपथ.

म्हणून आमच्या प्रयोगशाळेत एक चाळणी होती. खरी नाही, कॉम्प्युटरमधली. माझ्यासारख्याचं कार्ड लावलं की आवाज आधी त्या चाळणीतून जायचा. टिचकीसारखं जे जे असेल ते बाहेर, उरलेलं आत. ती धम्मानंद सरांनी लिहिली होती. सर नागपूरचे, इथं येऊन अठरा वर्षं झाली, प्रयोगशाळेचे प्रमुख. चौदा वर्षं त्यांची चाळणी चालत होती. पीठ चाळल्याशिवाय जसं कुणी कणीक मळत नाही, तसं आमच्याकडे न चाळलेला आवाज कुणी ऐकत नव्हतं. चाळणी चालू आहे का, असं विचारायचीसुद्धा पद्धत नव्हती. ती चालूच असायची.

मग मला पाठवलं आर्क्टिकला. कॅनडाच्या अगदी उत्तरेच्या एका खाडीत, किनाऱ्याजवळच, दहा मीटर खोल, एका दगडाला बांधून. दर सप्टेंबरला एक बोट यायची, मला वर काढायची, कार्ड आणि बॅटरी बदलायची, पुन्हा खाली सोडायची. असे सहा उन्हाळे काढले मी तिथं.

आणि मित्रांनो, काय ऐकलं म्हणून सांगू! वर दीड-दीड मीटर जाडीचा बर्फ. तो कण्हायचा, करकरायचा. आणि त्याच्याखालून यायचे बोहेड देवमासे. ट्रकपेक्षा लांब. अंगावर हातभर जाडीची चरबी. पाठीवर पंख नाही, त्यामुळे बर्फाच्या पोटाला घासत आरामात जातात. श्वास घ्यायचा झाला तर डोक्यानं बर्फ फोडतात! दोनशे वर्षंसुद्धा जगतात म्हणे. आणि गातात. सगळा हिवाळा गातात, आणि दर वर्षी नवीन काहीतरी.

त्यांच्यात एक होती, तिच्या आवाजाच्या शेवटी बारीक खरखर यायची. मी तिचं नावच ठेवलं, खरखरी. दर वसंतात ती यायची, मला कळायचं.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. मग बर्फ लवकर जायला लागला. आधी जुलैच्या शेवटी जायचा, मग जुलैच्या मध्यात, मग जूनमध्येच. पाणी कोमट व्हायला लागलं. कोमट म्हणजे तुमच्या-माझ्या दृष्टीनं थंडगारच, पण त्यांना कळतं. ज्या बारक्या चरबीदार किड्यांवर देवमासे जगतात, त्यांच्या जागी दुसरे, सुके किडे यायला लागले. पोट भरायला तोंड जास्त वेळ उघडं ठेवावं लागायचं. मग जहाजं आली. आणि जहाजांच्या मागोमाग, आधी दोन उन्हाळे आणि मागच्या वर्षी नऊ ऑगस्टला पुन्हा, ते आले.

ऑर्का. काळेपांढरे, दातवाले, टोळीनं शिकार करणारे. त्यांच्या पाठीवर माणसाएवढा उंच पंख असतो, तो बर्फात अडकतो. म्हणून बर्फ होता तोवर ते या खाडीत शिरत नव्हते. आता दारच उघडं होतं.

शिकारीच्या वेळी ते फार बोलत नाहीत. मधूनच चार-सहा टिचक्या टाकतात. टक, टक, टक. आवाज समोरच्यावर आपटून परत आला की त्यांना कळतं, तिथं काय आहे.

पहिली टिचकी ऐकू आली आणि खाडीतले सगळे देवमासे गप्प झाले. एका क्षणात. अहो, हाक अर्ध्यावर तुटली!

खरखरीबरोबर त्या वर्षी पिल्लू होतं. ती त्याला घेऊन किनाऱ्याला सरकली, माझ्या अगदी जवळ, जिथं पाणी जेमतेम तिच्या उंचीचं. मला तिचं पोट खालच्या गोट्यांवर घासलेलं ऐकू यायचं. श्वास घ्यायला वर यायची तेसुद्धा हळू, चोरासारखी. एक दिवस. दोन दिवस. पाच दिवस. खाणं नाही. बोलणं नाही.

सातव्या दिवशी पिल्लू कण्हलं. एकदाच. भूक लागली असेल.

लांबच्या टिचक्या थांबल्या. मग पुन्हा सुरू झाल्या, आणि आता त्या आमच्या दिशेनं वळल्या होत्या. टक. टक. टक टक. टकटकटक. जवळ येताना त्या घाईच्या होत जातात. खरखरी हलली नाही. पिल्लाला तिनं पोटाखाली दाबलं असावं, कारण गोट्यांचा आवाजच बंद झाला. मी दगडाला बांधलेला. माझ्यावरूनसुद्धा टिचक्या गेल्या, सळकन. ऑर्का उथळात येऊन फिरला, फिरला, आणि परत गेला. आणखी चार दिवस ते खाडीच्या तोंडाशी घुटमळत होते. अकरा दिवस झाल्यावर वाऱ्यानं बर्फाचे तुकडे परत खाडीत लोटले, तेव्हा कुठे ते गेले. त्यानंतर दोन दिवसांनी खरखरी पहिल्यांदा ओरडली. खरखर अजून होती.

एवढं सगळं माझ्या पोटात. सप्टेंबरला मला वर काढलं, जहाजात घातलं, आणि नोव्हेंबरात मी बुओना व्हिस्टाला परत आलो. कार्ड लावलं, आवाज चाळणीतून गेला, चाळलेला आवाज ठेवून दिला. न चाळलेला फार जागा खातो म्हणून तो ठेवत नसत, कार्ड पुसून पुन्हा वापरत. माझं मात्र पुसायचं राहून गेलं, आणि मला एसीखालच्या फळीवर टाकलं. शेजारी नवी पांढरीशुभ्र यंत्रं आली. आठ महिने माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

आणि मग तो मंगळवार आला.

सकाळी शिवदासकाकांनी माझ्या अंगावर पिवळी चिठ्ठी डकवली. 'फॉरमॅट करून जुरोंग.' म्हणजे कार्ड पुसायचं आणि मला जुरोंग आयलंडच्या धक्क्याखाली बसवायचं. दोन वाजताची बोट होती.

पलीकडच्या टेबलावर प्रियदर्शिनी बसली होती. तिशीतली, धम्मानंद सरांच्या हाताखाली संशोधन करणारी, डबा खाताखाता टाईप करणारी. तिचा फोन स्पीकरवर होता.

"मॅडम, वरुण बोलतोय." हा एका जहाज कंपनीचा माणूस, पुण्याचा. "आमचं जहाज दहा ऑगस्टला तुमच्या त्या खाडीतून जाणार. कॅप्टन विचारतोय, किनाऱ्याजवळचा रस्ता धरू ना? एकशे ऐंशी किलोमीटर वाचतात हो."

"रिपोर्ट होत आलाय. नऊ ते वीस ऑगस्ट, देवमासे शून्य. म्हणजे तसं क्लिअर दिसतंय."

"बेस्ट! फक्त सहाच्या आत पाठवा. सहाला आमचा प्लॅन लॉक होतो. नंतर एक रेघ हलवायची म्हटली तरी इन्शुरन्सवाले जीव खातात."

शून्य! मला ओरडावंसं वाटलं. अहो, शून्य कसं? ती तिथंच होती, पोट गोट्यांवर टेकवून! या वर्षी बर्फ आणखी आधी गेलाय म्हणे. ऑर्का पुन्हा येणार, खरखरी पुन्हा त्याच उथळात शिरणार, आणि मागून येणार जहाज. एकीकडे दात, दुसरीकडे जहाजाचा फिरता पंखा. ती जाणार कुठं?

पण कान कसा ओरडणार?

दीड वाजला. काकांनी कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. इतक्यात त्यांचा फोन वाजला. बोटवाला फैझल.

"अंकल, वेअर आर यू? बोट कॅनॉट वेट लाह!"

"कमिंग, कमिंग. टेन मिनिट्स."

काकांची एक सवय होती. कुठलंही कार्ड पुसण्याआधी ते कानाला हेडफोन लावून दोन मिनिटं कच्चा आवाज ऐकायचे, मधूनच कुठूनतरी. यंत्राचा कान शाबूत आहे की नाही ते बघायला. नवी मुलं हसायची, कारण आता ते कॉम्प्युटर आपोआप सांगतो. आज काकांनी घड्याळाकडे बघितलं. "राहू दे आज," असं पुटपुटले. स्क्रीनवर प्रश्न आला, पुसायचं का? त्यांचं बोट त्या बटणावर गेलं.

मित्रांनो, अकरा दिवसांत मला जेवढी भीती वाटली नव्हती, तेवढी त्या एका बोटाची वाटली.

बोट थबकलं. काका स्वतःशीच चिडले. "न बघता पाठवायचं म्हणजे... छ्या." आणि हेडफोन लावला. कुठला दिवस ऐकायचा? वर्षभराची लांबलचक पट्टी समोर. माझ्या जिवात जीव नाही. फेब्रुवारी लावला तर नुसता बर्फ ऐकू येणार.

"नऊ ऑगस्ट लावू," काका म्हणाले. "सिंगापूरचा नॅशनल डे. आपल्याकडे फटाके, तिकडे काय चाललं होतं बघू."

त्यांनी ऐकलं. एक मिनिट. कपाळाला आठी पडली. मागे नेऊन परत ऐकलं.

"प्रिया, ए प्रिया. आर्क्टिकला कोळंबी असते का गं, आपल्यासारखी?"

ती टाईप करत हसली. "काका, जेवला नाहीत वाटतं. एवढ्या थंडीत ती टिचकीवाली कोळंबी कुठून येणार?"

"मग ही तडतड कुठली?"

तिची बोटं थांबली.

काचेच्या केबिनमधून धम्मानंद सर बाहेर आले. "काय झालं? बोट चुकेल ना, काका."

"चुकू दे. ऐक जरा."

"बर्फ तडकत असेल."

"ऑगस्टात? तुझ्याच नकाशावर त्या दिवशी बर्फ नाही म्हणून लिहिलंय."

सर जरा तुटक बोलले. "काका, तुम्ही यंत्राचं बघा. डेटाचं आम्ही बघतो."

"यंत्राचंच बघतोय. यंत्र ठणठणीत आहे. म्हणून तर म्हणतोय."

प्रियदर्शिनी उठून आली. तिनं हेडफोन घेतला, आवाज संथ केला, स्क्रीनवर ताणला. कोळंबीची तडतड कशीही येते, गर्दीसारखी. ही एका ओळीत होती. टक, टक, टक, अगदी मोजून. तिनं पुढचे दिवस लावले. दहा, अकरा, बारा. मग पंधरा ऑगस्टला ती थांबली. आधी ते बारीक कण्हणं. मग टिचक्या वळल्या. टक टक. टकटकटक.

तिनं हेडफोन काढला तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"सर, ऑर्का आहेत. आणि हे बोहेडचं पिल्लू आहे. देवमासे गेले नव्हते. घाबरून गप्प बसले होते."

"मग पिल्लू मोजणीत का नाही आलं?"

"आपण तासाला तीन आवाज आले तरच मोजतो सर. हे इतक्या दिवसांत एकदाच कण्हलंय."

"आणि ऑर्का?"

ती स्क्रीनकडेच बघत राहिली. सरांकडे बघवेना तिला. शेवटी काकाच म्हणाले, "तुझी चाळणी, धम्मानंद. सिंगापूरची चाळणी तिकडं लावली आपण. टिचकी दिसली की फेकून द्यायची, मग ती कुणाची का असेना."

सर खुर्चीत बसले. हेडफोन लावला. किती वेळ ऐकत होते देव जाणे. फैझलचा फोन दोनदा वाजून बंद झाला. साडेचार वाजले. प्रियदर्शिनी नुसती उभी होती. वरुणचा मेसेज आला, 'मॅडम, रिमाइंडर.' मला वाटलं, आता सर म्हणतील, एवढं पाठवून देऊ, पुढच्या वर्षी बघू. चौदा वर्षांचं नाव होतं हो त्यांचं त्या चाळणीवर. मनुष्य असं म्हणूही शकतो.

सरांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, आणि स्वतः फोन लावला.

"वरुण, धम्मानंद बोलतोय. ते शून्य चुकलंय. चाळणी चुकीची लागली होती. ती माझी आहे, चूकही माझी."

"सर, असं कसं? दुपारी शून्य होते, आता आले कुठून?"

"होतेच. आम्हीच ऐकलं नाही."

"बरं, किती आहेत?"

"एक पिल्लू नक्की. म्हणजे त्याची आईही."

"दोघांसाठी एकशे ऐंशी किलोमीटरचा वळसा? सर, मी वर काय सांगू?"

प्रियदर्शिनी फोनकडे वाकली. "दोनच आहेत असं नाही म्हटलं आम्ही. किती गप्प बसलेत ते आम्हाला माहीत नाही. तुम्ही त्या रस्त्यानं गेलात, तर त्यांना पळायला दोनच दिशा आहेत. एकीकडे ऑर्का, दुसरीकडे तुमचं जहाज. हे मी लिहून देणार आहे. माझ्या नावानं."

मग वरुणचा आवाज जरा वेगळा आला. "मला तो आवाज पाठवा. पिल्लाचा. कॅप्टनला ऐकवतो."

पाच वाजून दहा मिनिटांनी आवाज गेला. पावणेसहापर्यंत कुणाचं कशात लक्ष नव्हतं. काकांनी चहा केला, तो तसाच राहिला. सहाला सहा मिनिटं कमी असताना मेल आला. जहाज मधल्या खोल पाण्यातून जाणार, हळू. किनाऱ्याजवळचा रस्ता पंचवीस ऑगस्टपर्यंत बंद.

प्रियदर्शिनीनं काकांचा हात धरला. "काका! जय भीम तुम्हाला!"

"जय भीम, जय भीम. मी काय केलं, दोन मिनिटं ऐकलं फक्त."

पण सर हसत नव्हते. त्यांनी हळूच विचारलं, "काका, त्याच्या आधीच्या दोन उन्हाळ्यांची कार्डं? त्यांचेही रिपोर्ट याच चाळणीतून गेलेत. दोन्हीकडे ऑगस्टात शून्य आहे. त्या रस्त्यानं जहाजं गेलीत."

काकांनी चष्मा पुसला. "पुसली ना ती. मीच पुसली. यंत्र नीट आहे एवढंच बघत होतो. काय ऐकू येतंय ते कुठं बघत होतो मी?"

मला त्या दोन उन्हाळ्यांत काय झालं ते माहीत आहे. पण माझं माहीत असणं कुणाच्या कामाचं नाही, आणि ते मी तुम्हालाही सांगणार नाही. लहानांना सांगण्यासारखं नाही ते.

प्रियदर्शिनीनं ते दोन जुने रिपोर्ट उघडले. तारखांपुढचं शून्य खोडलं. सरांकडे बघितलं. सरांनी मान हलवली. मग तिनं दोन्हीकडे एकच ओळ लिहिली, 'इथं किती देवमासे होते, आम्हाला माहीत नाही.' आणि ज्या ज्या कंपन्यांना ते रिपोर्ट गेले होते, त्या सगळ्यांना पुन्हा पाठवले.

माझं कार्ड आता पेटीत आहे, कुलपात. पोटात नवं कार्ड घालून मी दुसऱ्या दिवशीच्या बोटीनं जुरोंगला आलो. तिथूनच बोलतोय. खरखरी जगली की नाही, या ऑगस्टात तिच्याबरोबर पिल्लू होतं की नाही, मला कळायला मार्ग नाही.

एवढंच मागतो मित्रांनो. समुद्र तापतोय, तो थोडा कमी तापावा म्हणून मोठ्या माणसांच्या मागे लागा, सोडू नका त्यांना. आणि एखाद्या जागी काहीच आवाज नसेल, तर तिथं कुणीच नाही असं लिहून मोकळे होऊ नका. भ्यालेलं कुणीतरी असेल. पुसायचंच असेल काही, तर आधी दोन मिनिटं कान लावा. मग पुसा.